काल्पनिक नॅरोगेज स्टेशनचा लेआऊट : बोरजाई रोड (बार्शी लाइट रेल्वे, साल साधारण १९३८)

नॅरोगेज_नाना

मंडळी, वऱ्हाडातल्या शकुंतला रेल्वेच्या फोटोंच्या धाग्यावर दोघातिघांनी विचारलं होतं की माझ्या मॉडेल रेल्वेच्या लेआऊटचं पुढे काय झालं, तिथे अवांतर नको म्हणून हा वेगळा धागा काढतोय.

तर स्टेशनचं नाव बोरजाई रोड. नकाशात शोधू नका, सापडणार नाही. बार्शी लाइट रेल्वे मात्र शंभर टक्के खरी. १८९७ ला बार्शी रोड म्हणजे आताचं कुर्डुवाडी ते बार्शी टाऊन अशी सुरू झाली, मग १९०६ ला पंढरपूर, १९११ ला लातूर, १९२७ ला मिरज, सगळी अडीच फुटी म्हणजे ७६२ मिमी गेज (दोन रुळांमधलं अंतर) आणि १९५४ मध्ये सरकारने घेईपर्यंत खाजगी कंपनी. माझी थाप एवढीच की पांगरी आणि येडशीच्या मधे कुठेतरी एक छोटा फाटा फुटतो, बालाघाटाच्या पायथ्याने जातो आणि निजामाच्या हद्दीत शिरल्या शिरल्या संपतो. त्या टोकाला बोरजाई रोड. गाव अर्थातच स्टेशनपासून तीन मैल लांब, उगाच का नावात 'रोड' आहे.

बार्शी तेव्हा मुंबई इलाख्यात, चहूबाजूंनी निजामाचा मुलूख. म्हणजे माझ्या स्टेशनवर करोडगिरी नाका आला, मालावर जकात आली, आणि तिकीट खिडकीवर हाली (निजामाचा रुपया) का कलदार (इंग्रजांचा) हा वाद आला. हे सुचलं आणि लेआऊट आपोआप उभा राहायला लागला. आधी नुसतंच "एक छान खेडेगावातलं स्टेशन" करायचं डोक्यात होतं, त्यात एक झाड इकडे एक विहीर तिकडे असं महिनोन्महिने चाललेलं आणि काही म्हणजे काही ठरत नव्हतं, कारण गाडी तिथे का येते हेच माहीत नव्हतं.

मॉडेलचं स्केल एचओ म्हणजे १:८७. आपल्याकडे ब्रॉडगेजवाल्यांची गोची अशी की १६७६ मिमीचं एचओ मध्ये १९.३ मिमी होतं आणि बाजारातला रूळ मिळतो १६.५ चा, त्यामुळे देशी इंजिन कितीही छान केलं तरी खालून अरुंद दिसतं. याउलट ७६२ भागिले ८७ म्हणजे ८.७६, आणि एन गेज या छोट्या मॉडेलचा तयार रूळ ९ मिमी. मॉडेलवाल्या भारतीयाला देवाने फुकट दिलेली ही एकच गोष्ट. एन गेजचे रूळ, पॉइंट (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर नेणारे सांधे), चाकं, चासी सगळं चालतं.

फळी १२० बाय ४० सेंमी, डावीकडे ६० सेंमीचं फिडल यार्ड (पडद्यामागची जागा, गाडी तिथून "बार्शीहून" येते) जे काम झालं की काढून कपाटामागे जातं. घरातून परवानगी तेवढ्याचीच आहे. ४० फुटी डबा एचओ मध्ये १४ सेंमी, तीन डबे अधिक इंजिन म्हणजे पन्नासच्या आसपास, तेवढा लूप (गाडी बाजूला घ्यायचा जोडरूळ) मावतो.

सल्ले हवेत : रूळ कुठला, घरं कशी, झाडं कुठली. आणि इंजिन, पण ते रडगाणं नंतर.

शंकासुर

छान आहे पण एक बेसिक प्रश्न. काल्पनिक कशाला? खरं बार्शी टाऊन करा की, लोक ओळखतील तरी. थापा मारायच्या तर स्केलचे दशांश मोजण्यात काय अर्थ आहे?

नॅरोगेज_नाना

अहो शंकासुर, खऱ्या स्टेशनचं यार्ड चारशे मीटर जरी धरलं तरी १:८७ ला साडेचार मीटरच्या वर जातं. माझा हॉल आणि पॅसेज मिळूनही तेवढं नाही. मग कापाकापी आली, आणि कापलेलं बार्शी बघून बार्शीचा माणूस पहिलं वाक्य काय बोलणार? "आमच्याकडं असं नव्हतं." बोरजाईला असं म्हणणारा कोणी जन्मालाच आलेला नाही.

मुक्काम_स्टॅफर्डशायर

नाना, जबरी विषय. मी इंग्लंडात जिथे राहते तिथून थोड्या अंतरावर तुमच्या बार्शीचं सख्खं भावंड आहे. बार्शी लाइन बांधणारा एव्हरार्ड कॅलथ्रॉप, त्यानेच नंतर इथे लीक अँड मॅनिफोल्ड लाइट रेल्वे केली. तेच अडीच फुटी गेज, १९०४ ला सुरू आणि १९३४ ला बंद. दुधाची वाहतूक, दोन डोंगरांमधली दरी, आणि डब्यांना चक्क व्हरांडे, म्हणजे स्टॅफर्डशायरच्या पावसात बार्शीच्या उन्हाचे डबे. मोठ्या गेजची अख्खी वॅगन छोट्या गाडीवर चढवून नेणारे ट्रान्सपोर्टर पण होते. आता रूळ नाहीत, वॉटरहाऊसेस ते हुल्म एंड चालायची आणि सायकलची वाट केलीय, मधल्या बोगद्यातून मोटारी पण जातात. (हाच कॅलथ्रॉप पुढे विमानातून उडी मारायचं पॅराशूट करत बसला होता. हरहुन्नरी प्राणी.)

काल्पनिक विरुद्ध खरं या वादाबद्दल : इथे हा वाद फार जुना आहे आणि माझ्या मते निकाल पण लागलेला आहे. ऑक्सफर्डशायरमध्ये लाँग विटनहॅमला पेंडन म्युझियम आहे, तिथे जॉन अहर्नचा मॅडर व्हॅली हा मॉडेल लेआऊट ठेवलाय. रेल्वे सपशेल काल्पनिक, गावं काल्पनिक, पण घरं, चक्क्या, दुकानं बऱ्याच ठिकाणची खरी, बघून केलेली. त्यामुळे थाप पकडता येत नाही. नाहीतर इकडे प्रत्येक प्रदर्शनात जीडब्ल्यूआरचं (ग्रेट वेस्टर्न रेल्वे) एक शेवटचं स्टेशन असतंच, तेच चॉकलेटी-क्रीम डबे, तोच चर्च, त्याच तीन मेंढ्या. ते काल्पनिक असूनही कोणाचीच कल्पना वाटत नाही.

तेव्हा नकाशा खोटा असू दे, भिंती खऱ्या मोजा.

तेरणाकाठची

मुक्काम ताईंना +१०००. आणि नाना, आधीच हात जोडून सांगते, कौलारू घरं करू नका!! रेडिमेड किटं येतात म्हणून सगळे लाल उतरत्या छपराचं काहीतरी ठेवतात आणि खाली "महाराष्ट्रातील खेडे" लिहितात. आमच्याकडे माळवद. जाड पांढऱ्या मातीच्या भिंती, वर लाकडी तुळया, त्यावर किलचन, त्यावर मातीचा थर, सपाट. उजेडासाठी माळवदाला भोक ठेवलेलं असतं, सवणं म्हणतो आम्ही, पावसात त्यावर काहीतरी झाकायचं. पाणी जायला भिंतीतून बाहेर आलेलं पन्हाळ, आणि त्याच्या खाली भिंतीवर ओघळाचा डाग. हा डाग विसरू नका, घर जुनं आहे हे त्यानेच कळतं.

पाटलाची गढी असेल तर तिचे बुरूज खालून दगडी आणि वर मातीचे, आणि मातीचा भाग अर्धा ढासळलेला. स्टेशनची इमारत मात्र कंपनीची, दगडी, तिच्यावर पत्रा किंवा कौल चालेल. दोन्हीतला फरक दिसला पाहिजे, कंपनी परकी आणि गाव आमचं.

माळवदावर वाळवण घाला. हळकुंडं नाहीतर तूर.

नॅरोगेज_नाना

ताई, हे सोनं आहे. गाव तीन मैल लांब असल्याने गढी फक्त मागच्या पडद्यावर रंगवणार, पण नाक्याची चौकी आणि दोन घरं माळवदाची नक्की. सनबोर्ड कापून त्यावर खरीच पांढरी माती फेविकॉलमध्ये कालवून लिंपतो.

खडीवाला

रुळाबद्दल बोलू का. लोक इथेच माती खातात.

बार्शी लाइनला ३० पौंडी (एक यार्ड म्हणजे तीन फूट लांबीला ३० पौंड वजनाचा) रूळ होता, सगळा डाव हलक्या रुळावर जास्त माल नेण्याचा म्हणून कॅलथ्रॉपने प्रत्येक आसावर पाचच टन येतील असे इंजिन-डबे आखले. असा रूळ जेमतेम तीन इंच उंच असतो. एचओ मध्ये ०.९ मिमी. आणि आपण सर्रास वापरतो एन गेजचा कोड ८०, म्हणजे इंचाचे ८० हजारांश, २ मिमी. तो ८७ ने गुणा, १७७ मिमी!! आजच्या ब्रॉडगेज मेनलाइनचा ६० किलोचा रूळ १७२ मिमी असतो. म्हणजे तुमच्या पाच टनी आसाखाली राजधानीपेक्षा जाड रूळ.

पेको कंपनीचा कोड ५५ घेतलात तर बरंच बरं दिसतं. त्यात रूळ मुळात उंचच असतो पण स्लीपरमध्ये रुतवलाय, त्यामुळे जुनी जाड फ्लँजची (चाकाची आतली कड) चाकंही चालतात. खरं शौकिनाचं काम कोड ४० आणि पीसीबीच्या (सर्किट बोर्ड) पट्ट्या स्लीपर म्हणून, त्यावर रूळ सोल्डर करायचा, प्रत्येक पट्टीवरचं तांबं मधे कापायला विसरायचं नाही नाहीतर शॉर्ट. पण मग चाकं पण बारीक फ्लँजची लागतात आणि तुम्ही या जन्मात गाडी चालवणार का नाही हा प्रश्न येतो. माझं मत, पुढचा दिसणारा भाग कोड ५५, फिडल यार्डात कोड ८०, आणि रुळाच्या बाजू गंजाच्या रंगाने रंगवा, चकाकी फक्त माथ्यावर. रंगवलेला रूळ निम्मा दिसतो.

खडी स्लीपरच्या वर येऊ देऊ नका. असल्या लाइनवर खडी कमी, माती आणि गवत जास्त.

वऱ्हाडी_ठेचा

नानाभाऊ, आमच्या शकुंतलेचा धागा सोडून तुम्ही बार्शीले गेले, याचं दुःख हाये पण चालते. एक सांगतो. यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर लाइनवर १९२१ साली मँचेस्टरात बनलेलं इंजिन होतं, ते १९९४ लोक चाललं, मंग डिझेल आलं. तिच्यात मजा इंजिनापेक्षा माणसाइची होती. गार्डच तिकीट देणार, तोच उतरून फाटक लावणार, गाडी पुढं जाऊ देऊन फाटक उघडणार, अन पुन्हा पळत डब्यात. तुमच्या लेआऊटवर माणसं नुसती उभी नका ठेवू. कोणाच्या तरी हातात काहीतरी काम द्या.

अन फलाट उंच कराल तं माह्याशी गाठ हाये. जमिनीलेच फलाट म्हणतात तिथं.

बोटॅनिकल_बंड्या

साल १९३८ म्हणालात ना? मग काही झाडंझुडपं बाद.

गाजर गवत अजिबात नाही. आपल्याकडे ते पुण्यात १९५५ च्या सुमारास पहिल्यांदा नोंदलं गेलं आणि मग देशभर पसरलं. आजकाल रुळाच्या कडेचा फोटो बघून पांढरी फुलं टाकायचा मोह होतो, टाकू नका. सुबाभूळ पण नाही, ती मोठ्या प्रमाणावर सत्तरच्या दशकात आली. निर्धास्त चालतील अशी : बाभूळ, कडुलिंब, बोर (नावाला जागा की राव), विहिरीजवळ उंबर, बांधावर तरवड आणि रुई. स्टेशनमास्तरच्या दाराशी तुळस आणि एखादी कण्हेर.

बाभूळ करायला जुन्या इलेक्ट्रिक वायरमधली तांब्याची तार पिळायची, खोड तिरकं ठेवायचं, वरचा घेर पसरट छत्रीसारखा. पानांसाठी हिरवा फोम दाट भरू नका, बाभळीतून पलीकडचं दिसतं. कडुलिंब मात्र गच्च.

महिना कुठला धरलाय? पौष-माघ असेल तर शाळू उभा असेल. दोन मीटरची ज्वारी एचओ मध्ये २३ मिमी. केरसुणीच्या टोकाच्या बारीक काड्या त्या उंचीला कापून ओळीने खोचा.

नॅरोगेज_नाना

महिना माघ, आत्ता ठरवला. शाळू हुरड्याच्या पुढे गेलेला, आणि ओढ्याला पाणी नाही म्हणजे ते रेझिन ओतून पाणी करायची कटकटही वाचली.

काळी माती कशी करू? बाजारातला काळा रंग डांबरासारखा दिसतोय.

तेरणाकाठची

काळं रान सुकलं की काळं नसतंच हो, राखाडी होतं. आणि भेगा.

खडीवाला

खरीच माती वापरा नाना, गावाकडून कोणी येत असेल तर पिशवीभर मागवा. वस्त्रगाळ करा, तव्यावर कोरडी भाजून घ्या म्हणजे किडे-बीज मरेल. आणि मग, हे महत्त्वाचं, तिच्यातून लोहचुंबक फिरवा. पिशवीत गुंडाळून फिरवा नाहीतर साफ करत बसाल. आपली माती बेसाल्टची, तिच्यात चुंबकाला चिकटणारे बारीक कण असतात, काळी मिशी फुटते चुंबकाला. ते कण राहिले की इंजिनाच्या मोटरमधे खेचले जातात आणि गिअर मरतो. इंजिन आयात केलेलं, गिअर सुटा मिळत नाही, मग बसा.

फेविकॉल पाण्यात पातळ करून, भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब टाकून ड्रॉपरने सोडा. थर जरा जाड दिला की ही माती सुकताना आपोआप तडकते, भेगा कोरायची गरजच नाही. फक्त रुळाजवळ थर पातळ ठेवा, तिथे तडकली तर स्लीपर उचलेल.

पुस्तकबांधणी

वाचनमात्र होतो पण इथे बोलायलाच हवं. कोणीतरी मागे दुसऱ्या एका धाग्यावर माती म्हणून वापरलेली चहा पावडर चिकटवायला सांगितली होती, पुण्या-मुंबईच्या पावसाळ्यात तिला बुरशी येते. आणि कागदाच्या भिंती-पोस्टर चिकटवायला घरची खळ वापरत असाल तर त्यात चिमूटभर मोरचूद घाला, बाइंडर लोक तेच करतात, कसर लागत नाही. हात धुवा मात्र, विषारी आहे.

खालची फळी एमडीएफ नको, ओल धरून फुगते. वॉटरप्रूफ प्लाय घ्या आणि कडाही रंगवा.

सोल्डरिंग_आयर्न

इंजिनाचं रडगाणं कधी सुरू होतंय?

नॅरोगेज_नाना

होतंय आताच. बार्शीचं इंजिन रेडिमेड कोणी करत नाही, करणारही नाही. पहिली इंजिनं किट्सन कंपनीची ०-८-४ टँक, म्हणजे आठ चाकं जोडलेली, चार मागे, पाण्याची टाकी अंगावरच. नंतर २-८-२ टेंडरवाली (कोळसा-पाण्याचा डबा मागे वेगळा) आली. पर्याय असे दिसतात : (एक) एन गेजच्या जपानी २-८-२ ची चासी घेऊन वरचा सांगाडा रेझिन प्रिंट करायचा, (दोन) मुक्काम ताईंच्या लीक-मॅनिफोल्डच्या २-६-४ ची ओओ-९ (ओओ स्केल, ९ मिमी रूळ) मधली किटं निघालेली आहेत, तीही किट्सनचीच, चेहरेपट्टी जुळते. पण ओओ म्हणजे १:७६, ते एचओ च्या डब्यांपुढे साधारण चौदा टक्के थोराड दिसणार.

काल्पनिक फाट्याचा एक फायदा इथेही, "कंपनीने हे इंजिन सेकंडहँड घेतलं" असं म्हणून कुठलंही इंजिन खपवता येतं. पण ती पळवाट एकदाच वापरायची असं स्वतःला बजावलंय, नाहीतर बोरजाई रोडला उद्या बुलेट ट्रेन येईल.

सोल्डरिंग_आयर्न

पहिला पर्याय घ्या. चासीतली मोटर कोअरलेस आहे का बघा आधी, असेल तर स्वस्तातला कमी फ्रिक्वेन्सीचा पीडब्ल्यूएम (तुटक झटक्यांनी वीज देणारा) कंट्रोलर लावू नका, गरम होऊन जाते. साधा गुळगुळीत डीसी द्या. एवढ्या छोट्या लेआऊटला डीसीसी (प्रत्येक इंजिन वेगळं चालवायची डिजिटल पद्धत) कशाला, एकच इंजिन चालणार. त्यापेक्षा पॉइंटच्या बेचक्यात करंट नीट येतो का ते बघा, छोटं इंजिन तिथेच अडतं आणि मग बोटाने ढकलावं लागतं, सगळ्या कल्पनेची वाट लागते.

रूळ पॉलिश पेपरने घासू नका, ओरखड्यात धूळ बसते. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुनी बनियन.

दिवे? १९३८, म्हणजे वीज नसणार. कंदील फक्त, पिवळसर एसएमडी एलईडी, मोठा रेझिस्टर लावून इतके मंद करा की दिवसा कळूच नये.

शंकासुर

मान्य, मजा येतेय वाचायला. पण एवढं सगळं करून शेवटी गाडी येणार, थांबणार, जाणार. दहा मिनिटांत कंटाळा. गोल फिरणारा लेआऊट बरा, निदान चालू ठेवून चहा पिता येतो.

नॅरोगेज_नाना

उलट इथेच तो नाका कामाला येतो. इंग्लंडात इंगलनुक नावाचं शंटिंगचं कोडं आहे, अ‍ॅलन राइट यांचं. तीन साइडिंग (बाजूचे बंद टोकाचे रूळ), एकात पाच वॅगन मावतात, बाकी दोनमध्ये तीन-तीन. एकूण आठ वॅगन. चिठ्ठ्या काढून पाच वॅगनचा क्रम ठरतो आणि तेवढ्याच जागेत मागेपुढे करत बरोबर त्या क्रमाने गाडी लावायची. ऐकायला पोरखेळ आहे, बसलात की तास जातो.

माझ्याकडे तीन साइडिंगना नावं आहेत : लांब ती गुदाम, छोट्या दोन म्हणजे नाका आणि कापूस. नियम असा केलाय की हद्दीबाहेरून आलेली प्रत्येक वॅगन आधी नाक्यावर थांबणार, करोडगिरीवाला शिक्का मारणार, तेव्हाच गुदामात. निघणाऱ्या कापसाच्या गाठींचंही तेच. म्हणजे नाका सतत तुंबलेला, आणि तेवढ्यात मिक्स्ड (माल आणि पॅसेंजर एकत्र) गाडीची वेळ होते, पॅसेंजर डबे लूपवर उभे, आणि इंजिन कापसात अडकलेलं. मुलगी खेळते तेव्हा ती करोडगिरी आणि मी ड्रायव्हर, आणि ती अजिबात दयामाया दाखवत नाही.

वारीला वेगळे नियम. माझे आजोबा सांगायचे, वारीच्या दिवसांत मालडब्यांतूनसुद्धा माणसं जायची. माघ महिना धरलाय तर माघी वारी आहेच, तेव्हा दोन बंद वॅगन मालातून काढून पॅसेंजरला जोडायच्या आणि उरलेल्या सहामध्ये भागवायचं.

मुक्काम_स्टॅफर्डशायर

वाह! हे मॅडर व्हॅलीलाही नव्हतं. वारकरी कसे करणार पण? एचओ ची माणसं सगळी जर्मन, ओव्हरकोटातली.

नॅरोगेज_नाना

ओव्हरकोट कापून काढायचा, टिश्यू पेपर पातळ फेविकॉलमध्ये भिजवून धोतर नेसवायचं, आणि फेट्याला शिवणाचा दोरा, दोन-तीन वेढे. बायकांचे स्कर्ट लांब असतात ते थोडं कोरून नऊवारीचा भास होतो, लांबून. जवळून बघायचं नाही.

तेरणाकाठची

दोऱ्याच्या फेट्याचा फोटो टाकाच. वाखुसा (वाचनखूण साठवली).

वऱ्हाडी_ठेचा

नानाभाऊ, त्या चिठ्ठ्याइत एक चिठ्ठी "करोडगिरी साहेब जेवाले गेले" अशी बी टाका. तेवढ्या डावात नाक्यावरची एकही वॅगन हालवाची नाई.

नॅरोगेज_नाना

टाकली. मुलीने आणखी एक टाकलीय, "साहेब जेवून झोपले".